बर्फातली मोटार आणि मैदानी नियम

पाकिस्तानातील मुरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ व ८ जानेवारी २०२२ या दोन दिवसांत किमान २२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दहा मुले होती. त्यांच्यावर दरड कोसळली नव्हती, त्यांच्या मोटारी दरीत गेल्या नव्हत्या, की समोरून येणाऱ्या वाहनावर आदळल्या नव्हत्या. रस्त्यात अडकून पडलेल्या आपापल्या मोटारीत, काचा वर करून, ती माणसे बसल्या जागी मरण पावली. राजधानी इस्लामाबादपासून हे गाव जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. बर्फ पाहण्यासाठी मैदानातून हजारो वाहने वर चढली, रात्री हिमवादळ आले, झाडे आडवी पडली, काही फूट बर्फ साचला आणि वाहने होती तेथेच गाडली गेली. आत ऊब राहावी म्हणून अनेकांनी इंजिने चालू ठेवली होती. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धुराला बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू गाडीत शिरू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो आणि त्याच्या अमलाखाली गेलेल्या माणसाला बऱ्याचदा आपल्याला झोप येत आहे एवढेच वाटते. मृतांपैकी काही थंडीने गेले व काही या वायूने, असे बचावकार्य करणाऱ्यांचे म्हणणे होते.

दुर्घटनेनंतर जे व्हायचे ते सर्व यथासांग झाले. चौकशी समिती नेमली गेली, पंधरा अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. बर्फ हटविणारी यंत्रे वेळेवर हलली नाहीत, हे उघड झाले. हवामान खात्याचा इशारा आधीच हाती असताना वाहने अडविली का नाहीत, हा प्रश्नही विचारला गेला आणि तो रास्तच होता. परंतु एक प्रश्न या साऱ्या गदारोळात कडेला राहिला. वर चढलेल्या मोटारी त्या रस्त्यासाठी सिद्ध होत्या काय? मैदानी शहरात कचेरी, शाळा आणि बाजार अशा फेऱ्या करणारी गाडी त्याच टायरांवर, त्याच पाण्यावर आणि त्याच भरवशावर घाटात नेली, तर तिच्याकडून काय अपेक्षा करावी? अशी एक गाडी चढावर घसरून आडवी झाली, की तिच्यामागच्या शंभर गाड्या अडतात. त्यांत पूर्ण तयारीनिशी आलेली गाडीही अडते आणि बर्फ हटविणारे यंत्रही अडते. मुरीच्या चौकशीत प्रशासनाचा दोष शोधला गेला, तो होताच. मोटारीचा विचार मात्र ज्याचा त्याने करावयाचा, असे जणू सर्वांनी गृहीत धरले.

हे गृहीत आपल्याकडेही तितकेच पक्के आहे, म्हणून ही कथा शेजारच्या देशाची म्हणून बाजूला सारता येणार नाही. रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यापूर्वी ३,९७८ मीटर उंचीवरील ही खिंड वर्षातील पाच-सहा महिने बर्फाखाली बंद असे. पलीकडच्या लाहौल खोऱ्यातील लोकांना ती शिक्षाच होती. हिवाळ्यात गंभीर आजारी माणसाला कुल्लूकडे आणायचे, तर हेलिकॉप्टर कधी उडते याची वाट पाहावी लागे. बोगद्याने ही कोंडी फोडली, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तथापि बंद खिंडीचा एक नकळत उपयोगही होता. मैदानातून येणाऱ्या हौशी मोटारचालकापुढे निसर्गच फाटक लावून घेत असे, त्यामुळे माणसाला नियम करण्याची गरज पडत नसे. बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. फाटक उघडले, रस्ता वर गेला आणि मोटार मात्र पूर्वीचीच राहिली. त्याचे प्रत्यंतर डिसेंबर २०२४ मध्ये आले. नाताळाच्या आगेमागे सोलंग ते बोगदा या टप्प्यात सुमारे हजार वाहने बर्फात अडकली. त्यानंतर चारच दिवसांनी पुन्हा तेच घडले आणि सोलंग येथून सुमारे पाच हजार पर्यटकांना पोलिसांनी रात्रीतून खाली आणले. मुरीची पुनरावृत्ती झाली नाही, याचे श्रेय त्या पोलिसांना आणि स्थानिक चालकांना द्यावेच लागेल. त्यात थोडा भाग नशिबाचाही होता.

महाराष्ट्रातून मनालीला जाणाऱ्यांचा ओघ जुना आहे. शाळेच्या सुट्ट्या आणि रजा प्रवास सवलत यांचा मेळ घालून एकदा तरी बर्फ पाहावा, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची साधी इच्छा असते आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही. पूर्वी हे कुटुंब आगगाडीने आणि बसने जाई. पुढची चढण स्थानिक टॅक्सीवाल्याच्या हाती असे. आता पुणे, नाशिक, नागपूर येथून स्वतःच्या मोटारीने थेट निघणारे वाढले आहेत. महामार्ग चांगले झाले, मोटारी भक्कम झाल्या आणि दीड-दोन हजार किलोमीटर निर्वेध पार केल्यावर शेवटचे पन्नास वेगळे असतील, ही शंका मनात येणे अवघड असते. पावसाळ्यात वरंधा किंवा आंबेनळी घाट सांभाळून उतरविणाऱ्या चालकाला आपल्या हातावर विश्वास असतो. तो विश्वास खोटा नसतो. फक्त तो दुसऱ्या रस्त्यावर कमावलेला असतो.

या फरकाचे मूळ चालकाच्या धैर्यात नसून रबराच्या गुणधर्मात आहे. उष्ण प्रदेशासाठी बनविलेल्या टायरचे रबर तापल्या रस्त्यावर वितळू नये, झिजू नये, अशा बेताने कडक ठेवलेले असते. तापमान सुमारे सात अंशांच्या खाली उतरू लागले, की ते आणखी ताठर होते आणि रस्त्याला बिलगण्याचे आपले मुख्य काम नीट करीत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या पृष्ठभागावर हजारो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. याचा अर्थ शाळेतल्या पदार्थविज्ञानाने काढता येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण आठ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण चौथ्या हिश्श्यावर येते, तेव्हा हेच अंतर तीस मीटरांच्या पुढे जाते. गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर ते साठ मीटरांहूनही अधिक होते. घाटातील वळण बहुधा त्यापेक्षा जवळ असते.

येथे आणखी एक फसवणूक आहे. कडाक्याच्या थंडीतला बर्फ सर्वांत धोक्याचा, असे मैदानी माणसाला वाटते. वस्तुतः तापमान शून्याच्या आसपास असते तेव्हा बर्फावर पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा असतो आणि तोच सर्वाधिक निसरडा असतो. दुपारी उन्हाने कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर वाहते, सूर्य डोंगराआड गेला की गोठते आणि डांबर केवळ ओले दिसत राहते. सकाळी सुखरूप वर गेलेला पर्यटक संध्याकाळी परततो तो याच थरावरून, उतारावर, थकलेल्या मुलांना घेऊन. चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणारी महागडी गाडी असली की चिंता मिटली, हा समजही असाच. अशी गाडी निघताना आणि चढताना उपयोगी पडते; थांबताना मात्र ती इतर गाड्यांच्या पंक्तीला येऊन बसते, कारण ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात आणि शेवटी पकड टायरचीच असते. जाहिरातीत या गाड्या हिमशिखरांकडे दौडताना दिसतात. त्या थांबताना क्वचितच दिसतात.

टायरखेरीज इतरही अवयव थंडीत आपला स्वभाव बदलतात. रेडिएटरमध्ये नळाचे साधे पाणी भरण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडाला तडा देण्याइतके त्याच्यात बळ असते. ग्लायकोल व पाणी समभाग मिसळले, तर ते मिश्रण उणे पस्तीस अंशांपर्यंत तग धरते. काच धुण्याच्या फवाऱ्यातही साधे पाणी असेल, तर ते नळीत गोठते किंवा चालत्या गाडीच्या काचेवर पडताच बर्फाचा पडदा तयार करते. थंडीत बॅटरीची शक्ती कमी होते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. रात्री ओढून ठेवलेला हँडब्रेक सकाळी गोठून सुटत नाही, म्हणून डोंगरातले चालक गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाखाली दगड लावतात. डिझेलमधील मेण थंडीत साकळते व नळ्या तुंबतात; लाहौल-स्पिती आणि लडाखमध्ये पहाटे ट्रकच्या पोटाखाली शेकोटी पेटविण्याचा प्रकार त्यातूनच आला. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. म्हणजे इंधनाच्या बाबतीत हिवाळा हा वेगळा प्रदेश आहे, हे आपल्या व्यवस्थेने मान्य केले आहे. टायरच्या बाबतीत ते अजून व्हायचे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किती राहिली पाहिजे, हे त्यांत सांगितले आहे. ऋतू आणि उंचीप्रमाणे टायर कोणता असावा, याबद्दल ते गप्प आहेत. देशाच्या बहुतांश भागात बर्फ पडतच नाही, तेव्हा मैदानासाठी नियम लिहिणाऱ्यांना दोष देता येत नाही. ही पोकळी जिल्हा प्रशासन भरते. बर्फ पडला, की बोगद्याच्या दिशेने फक्त चार चाकांवर चालणारी किंवा साखळ्या लावलेली वाहने सोडावीत, असे आदेश निघतात. आदेश योग्यच असतात, पण ते बर्फ पडल्यावर निघतात. तोवर पर्यटक अठराशे किलोमीटर चालून आलेला असतो, त्याने हॉटेलचे पैसे भरलेले असतात आणि फाटकावर त्याची गाठ पडते ती एका कुडकुडणाऱ्या शिपायाशी. धोरणाने जे काम उन्हाळ्यात करायचे, ते या शिपायाने डिसेंबरच्या रात्री, हॉर्नच्या गजरात, माणूस पाहून करावे, अशी ही व्यवस्था आहे.

ज्या देशांचा बर्फाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्यांनाही हा प्रश्न सहज सुटलेला नाही. जर्मनीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे २००६ पासून मोटारीची साधने हवामानाला अनुरूप असावीत, असा नियम होता. उन्हाळी टायरवर हिवाळ्यात गाडी चालविणाऱ्या एका चालकाला दंड झाला आणि प्रकरण ओल्डेनबुर्गच्या उच्च प्रादेशिक न्यायालयात गेले. न्यायालयाने जुलै २०१० मध्ये सांगितले, की ‘अनुरूप’ म्हणजे काय हे नियमातून नागरिकाला कळत नाही आणि जे कळत नाही त्यासाठी शिक्षा करणे घटनेत बसत नाही. सरकारने चडफडत न बसता त्याच वर्षी डिसेंबरात नवा नियम केला. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा विशिष्ट प्रकारचे टायर असलेच पाहिजेत, असे त्यात स्पष्ट केले. पुढे २०१८ पासून बनणाऱ्या टायरांवर पर्वत आणि हिमस्फटिक यांचे चिन्ह आवश्यक ठरले व जुन्या खुणेच्या टायरांना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत मिळाली. नियमात तारखा नाहीत; लोकांनीच ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा सोपा हिशेब बसविला आहे. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी तरुणांना पहिल्या शरद ऋतूतच टायर बदलून घेण्यासाठी गॅरेजची वेळ मागावी लागते, तेव्हा या हिशेबाचा परिचय होतो. या नियमातील दंडाची रचना मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. अयोग्य टायरसाठी ६० युरो आणि त्यामुळे इतरांची वाहतूक अडली तर ८० युरो. स्वतःच्या जिवाशी केलेल्या खेळाहून दुसऱ्याचा रस्ता अडविणे अधिक गंभीर, हे कायद्याने वीस युरोंच्या फरकात सांगून टाकले आहे.

कॅनडात एकाच देशात दोन विचार नांदतात. क्वेबेक प्रांताने २००८ च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आरंभी ही सक्ती १५ डिसेंबरपासून होती, २०१९ पासून ती १ डिसेंबरपासून आहे. शेजारच्या ओंटारिओने सक्तीऐवजी प्रलोभनाची वाट धरली आणि असे टायर बसविणाऱ्यास विमाहप्त्यात सवलत देणे २०१६ पासून विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. क्वेबेकमध्ये कायद्यापूर्वीही बहुसंख्य लोक स्वेच्छेने हिवाळी टायर वापरीत होते. मग कायद्याची गरज काय होती? उरलेल्या थोड्यांसाठी होती, कारण घाटात किंवा महामार्गावर रस्ता अडविण्यास थोडेच पुरतात. लस, सांडपाणी, अग्निशमन या बाबींत नव्याण्णवांचे शहाणपण एकाच्या बेफिकिरीने व्यर्थ जाते, हे आपण मान्य केले आहे. बर्फातली मोटार त्याच जातीची बाब आहे.

अर्थात नियम केला की सर्व आलबेल होते, असेही नाही. खिळ्यांचे टायर बर्फावर उत्तम पकड देतात म्हणून जपानमध्ये ते सर्रास वापरले जात. परंतु बर्फ नसलेल्या रस्त्यावर हे खिळे डांबर खरवडतात. सेंदाई शहरात या धुळीने हवा इतकी दूषित झाली, की नागरिकांनी चळवळ उभारली आणि अखेर १९९० मध्ये असे टायर रोखणारा कायदा करावा लागला. पश्चिम जर्मनीने ते १९७५ मध्येच बंद केले होते. ओस्लो शहर त्यांच्यावर शुल्क आकारते. सुरक्षिततेचे प्रत्येक साधन आपली किंमत कोठेतरी वसूल करतेच.

हिमालयाच्या संदर्भात खरी अडचण वेगळी आहे. क्वेबेकचा रहिवासी वर्षातील चार महिने बर्फात गाडी चालवितो; पुण्याचा पर्यटक चार दिवस. त्याने त्यासाठी चार नवे टायर विकत घ्यावेत, असे म्हणणे व्यवहारशून्य आहे. शिवाय हिवाळी टायर उन्हात भराभर झिजतात आणि आपल्या बाजारात ते सहजी मिळतही नाहीत. याचे उत्तर जर्मनीपेक्षा फ्रान्सकडे अधिक आहे. तेथे १ नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ जिल्ह्यांत हिवाळ्याचे पाच महिने दोन पर्याय आहेत: हिवाळी टायर बसवा, नाहीतर साखळ्या गाडीत ठेवा. पहिल्या हिवाळ्यात दंड न करता केवळ समज देण्यात आली. आल्प्समध्ये ठिकठिकाणी निळ्या वर्तुळात साखळी गुंडाळलेल्या चाकाची पाटी लागते. ती दिसली की गाड्या बाजूला थांबतात, माणसे खाली उतरतात आणि साखळ्या चढवितात. वाद होत नाही, कारण ही पाटी आपल्याला भेटणार हे घरून निघतानाच ठाऊक असते.

मनालीच्या वर, गुलमर्गच्या वाटेवर किंवा तवांगच्या रस्त्यावर असे करणे अशक्य नाही. कुलूप लावून ठेवलेल्या आदेशाऐवजी नोव्हेंबरपूर्वी जाहीर झालेला हंगामी नियम, फाटकाच्या अलीकडे ठरलेल्या दराने भाड्याने मिळणाऱ्या साखळ्या, त्या चढविण्यास सपाट आणि प्रकाश असलेली जागा, आणि ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी वाहनतळ व तेथून पुढे स्थानिक वाहन, एवढ्याने बराच फरक पडेल. यास विरोध होईल. गाडी खाली ठेवावी लागली तर गिऱ्हाईक कमी होईल, अशी भीती वरच्या हॉटेलवाल्यांना वाटेल. स्थानिक टॅक्सीवाल्यांनी दर वाढविले, अशी ओरड पर्यटक करतील आणि ती नेहमीच निराधार असेल असे नाही. साखळ्यांच्या भाड्यात नवा चिरीमिरीचा धंदा उभा राहील, ही शंकाही आपल्या देशात अप्रस्तुत म्हणता येणार नाही. दर जाहीर करून आणि पावती देऊन ती कमी करता येते. पूर्ण नाहीशी होईल, असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

साखळी ही चालकाला कळली पाहिजे, हा मुद्दा राहतोच. ती इंजिन ज्या चाकांना फिरविते त्यांना लावायची असते. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत ती पुढची चाके असतात, पुष्कळ मोठ्या गाड्यांत मागची. हे ठाऊक नसलेला माणूस ती मागे बांधतो आणि पुढची चाके जागच्या जागी फिरत राहतात. साखळी लावल्यावर ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे जाता येत नाही आणि मोकळे डांबर लागले की ती काढावी लागते. गोठलेल्या बोटांनी, अंधारात, पहिल्यांदाच हे करणाऱ्याला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ मागची रांग वाढत राहते. घराच्या अंगणात एकदा लावून पाहिली असेल, तर दहा मिनिटे पुरतात. गाडी अडकलीच, तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने मोकळा करणे, इंजिन सलग न चालविता थोडा वेळ चालवून बंद करणे, वाऱ्याच्या आडची एक काच बोटभर खाली ठेवणे, या गोष्टी मुरीच्या रस्त्यावर किती जणांना माहीत होत्या कोण जाणे. एक फावडे, दोन घोंगड्या, पाणी, खाणे आणि विजेरी यांना मोटारीच्या डिकीत फारशी जागा लागत नाही.

सोलंगपासून बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता पर्यटकांसाठी चार दिवसांचा असतो. केलाँगहून कुल्लूच्या रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेलाही हिवाळ्यात तोच रस्ता आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती हजार वाहने त्याच रस्त्यावर उभी होती.